बातमीला जामीन कोण?

(महासंघाच्या मासिक सभेतलं हे बोलणं. पावसामुळे ज्या तायांना येता आलं नाही त्यांच्यासाठी, जसं बोलले तसंच, थोडंफार नीट करून लिहून दिलं आहे. – क्षेत्रीय समन्वयक)



आजच्या विषयपत्रिकेवर माझा विषय सगळ्यात खाली होता. अध्यक्षाताईंनी तो वर घेतला. म्हणाल्या, "थकबाकी पुढच्या महिन्यातही असणारच आहे, हे आधी बोल." म्हणून बोलते.

विषय आहे मोबाईलवर येणाऱ्या अजब बातम्यांचा. म्हणजे ऐकल्यावर "अगं बाई!" असं तोंडातून निघतं त्या. दोन तोंडांचं वासरू, रडणारी मूर्ती, किडनी काढणारी टोळी. त्या खऱ्या की खोट्या हे तर बघूच, पण मला जास्त बोलायचंय ते आपल्याबद्दल. बातमी वाचली, "अगं बाई" झालं, आणि त्यानंतरच्या पाच मिनिटांत आपण काय करतो त्याबद्दल.

सोप्यापासून सुरू करते. गणपतीला दूध पाजलेल्या मावश्या इथे किती आहेत? हात वर करा. (बरेच हात वर झाले. हसूही झालं.) लाजू नका, माझी आजीपण होती त्यात. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. माझा जन्मही झालेला नव्हता, पण आजीकडून इतक्यांदा ऐकलंय की मी रांगेत उभी होते असंच वाटतं. पहाटे दिल्लीकडे सुरू झालं आणि दुपारपर्यंत देशभर, संध्याकाळी तर परदेशातल्या देवळांतही चमचे लागले. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं हे लक्षात घ्या. एसटीडीचे पिवळे बूथ आणि शेजारीण, एवढ्यावरच झालं सगळं. म्हणजे दोष नुसता मोबाईलला देऊन चालणार नाही.

मग शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला आणि दाखवलं. चमचा मूर्तीला टेकला की दूध दगडाला चिकटून पातळ थराने खाली ओघळतं. पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही, रंगीत केलं की दिसतं. तुम्ही चहा बशीत ओतताना तो कपाच्या बुडाला चिकटून खाली येतो ना, साधारण तसंच. त्या दिवशी नुकसान झालं ते दुधाचं. आजी म्हणते, "देवाला पाजलं, कुणाचं काय गेलं?" मी तिच्याशी भांडत नाही. खरंच कुणाचं फार गेलं नव्हतं.

पण पुढे बघा. ऑगस्ट २००६. मुंबईत माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोड झालं अशी हूल उठली. लोक बाटल्या घेऊन धावले, स्वतः प्यायले, पोरांनाही पाजलं. पावसाळ्यात मिठी नदीचं पाणी खाडीत उतरतं, म्हणून खारटपणा कमी झाला होता. मिठी नदीत मुंबईची काय काय घाण येते ते माहीमच्या लोकांना वर्षभर दिसत असतं, नाकालाही कळतं. तरी प्यायले. महापालिका पिऊ नका म्हणून सांगत होती. इथे गोष्ट दुधाच्या पुढे गेली. चमचा देवाच्या तोंडाला नव्हता, लेकराच्या तोंडाला होता.

नोव्हेंबर २०१६ तर सगळ्यांना आठवत असेल. ८ तारखेला नोटा बंद झाल्या आणि तीनच दिवसांत मीठ संपलं म्हणून बोंब. उत्तर प्रदेश, दिल्ली, मुंबई, कुठे कुठे मीठ दोनशे रुपये किलोच्या पुढे विकलं गेलं. हातात सुट्टे पैसे नाहीत, आणि जे आहेत ते मिठाला. आपल्या देशातलं बहुतेक मीठ गुजरातेत पिकतं, तिथली मिठागरं काही आटली नव्हती. पण मनातली भीती खरी होती. काल रात्री आठ वाजता नोट गेली, तर उद्या मीठ का नाही जाणार, असं लोकांना वाटलं. अफवा हवेतून येत नाही, आधी घाबरलेलं घर शोधते. त्या दिवसांत दुकानदारांनी काय कमावलं ते मी सांगायला नको.

आता आपल्या धंद्यावर येते. फेब्रुवारी-मार्च २०२०. कोंबडी खाल्ली की कोरोना होतो. इथे पोल्ट्रीच्या तायांचे चेहरे बघा कसे झाले. (मागच्या रांगेतून: "नको आठवण काढू.") काढते, कारण ती बातमी कुणी दुष्ट माणसाने आपलं वाटोळं करायला पाठवली नव्हती. आपल्यासारख्याच बायकांनी, घरच्यांच्या काळजीने पाठवली होती. पशुसंवर्धन खातं सांगत होतं की कोंबडीचा आणि या रोगाचा संबंध नाही. ऐकतो कोण? ब्रॉयलर सहा आठवड्यांत विकावाच लागतो, नाहीतर रोज खाद्य खातो आणि भाव वाढत नाही. खाद्याच्या खर्चाएवढाही भाव मिळेना, तेव्हा महाराष्ट्रात आणि शेजारच्या कर्नाटकात लोकांनी कोंबड्या फुकट वाटल्या, कुठे पिल्लं जिवंत पुरली. एक मेसेज, त्याखाली तोंडाला रुमाल लावलेल्या कोंबडीचं चित्र. चित्र बघून लोक हसत होते आणि पुढे पाठवत होते. गटाचं कर्ज घेऊन शेड टाकलेल्या बाईला ते हसू किती हजारांना पडलं?

इथवर पैशाचं झालं. आता जे सांगणार आहे ते ऐकायला बरं नाही. पण सभेत फक्त बायकाच आहेत आणि लेकरं अंगणवाडीत बसवली आहेत, म्हणून सांगते.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा गाव. रविवार, आठवडी बाजार. पाच माणसं एसटीतून उतरली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी. मूळची सोलापूर जिल्ह्यातली, मंगळवेढ्याकडची. त्या भागात गेले कित्येक दिवस मोबाईलवर फिरत होतं की मुलं पळवणारी टोळी आली आहे. त्यातला एकजण एका लहान मुलीशी काहीतरी बोलला. बस, एवढंच. बाजारातली माणसं जमली. मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं. ग्रामपंचायतीच्या! जिथे आपण ग्रामसभेला बसतो, जिथे घरपट्टी भरतो, त्या खोलीत पाच माणसं मारून टाकली. पोलीस आले तेव्हा थोडे होते, त्यांनाही मार बसला. आणि हे सगळं होताना लोक मोबाईल वर धरून चित्रण करत होते. तेही पुन्हा पुढे गेलं.

एकही मूल पळवलं गेलेलं नव्हतं.

त्यांच्या घरी बायका होत्या, मुलं होती. आणि राईनपाड्यातल्या बायकांचं काय झालं हेही विचारा. वीसहून जास्त माणसं पकडली गेली, बाकीचे पुरुष गाव सोडून पळाले. ऐन पेरणीच्या दिवसांत. मागे उरल्या म्हाताऱ्या आणि बाया. बाजारात दगड उचलताना "माझ्या पोरासाठी करतोय" असं ज्याला वाटलं, त्याचं पोर दुसऱ्या दिवशी बापाशिवाय होतं.

त्या वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलेला असणार. मोटारसायकलवर दोघं येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलांतल्या एकाला उचलतात आणि भरधाव निघून जातात. बघून पोटात गोळा येतो. तो व्हिडिओ भारतातला नव्हताच. पाकिस्तानात, कराचीत, एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली ती छोटी फिल्म होती. तिच्या शेवटी तेच दोघं मोटारसायकलवरून परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि एक फलक दाखवतात. कराचीच्या रस्त्यावरून मूल उचलायला क्षणभर पुरतो, तेव्हा लक्ष ठेवा, असा त्याचा अर्थ. कुणीतरी शेवट कापला. मूल परत आणून देणारा तेवढा भाग काढून टाकला, आणि काळजी घ्या म्हणून सांगणाऱ्या फिल्मने माणसं मारली. दुसरा एक फोटो फिरत होता, ओळीने झोपवलेल्या मेलेल्या मुलांचा. "अवयव काढून टाकलेली मुलं" असं खाली लिहिलेलं. तो २०१३ सालचा, सीरिया देशातल्या विषारी वायूच्या हल्ल्यातला. फोटो खरा, मुलं खरी, मरण खरं. फक्त गाव आणि वर्ष दुसरं. म्हणून मी सांगते, "फोटो आहे ना सोबत" हा पुरावा नव्हे.

त्रिपुरा राज्यात तर, राईनपाड्याच्या तीनच दिवस आधी, २८ जूनला, सरकारने एका माणसाला गावोगाव लाऊडस्पीकर घेऊन पाठवलं होतं. मूल पळवणाऱ्यांच्या अफवांवर विश्वास ठेवू नका, हे सांगायला. गर्दीने त्यालाच मूल पळवणारा समजून ठार केलं. हे वाचलं तेव्हा मी पुढचं पान उलटू शकले नाही.

त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने आपल्या देशात एक मेसेज एका वेळी पाचच जागी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये, फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच जागी. त्या मेसेजवर दोन बाण दिसतात. दोन बाण म्हणजे हा खूप हातांतून आलाय, मूळ कुठे आहे कुणाला ठाऊक नाही. मोबाईल काढा आणि बघा, आत्ताच बघा. (थोडा वेळ सगळ्या मोबाईल बघत होत्या. एका ताईंच्या मोबाईलमध्ये दोन बाणांचे अकरा निघाले, त्यातले नऊ औषधाचे.)

औषधांवर पुढे कधीतरी बोलू.

मर्यादा आल्या, तरी थांबलं नाही. १६ एप्रिल २०२०, लॉकडाऊनची रात्र, पालघर जिल्ह्यातलं गडचिंचले. दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर सुरतेकडे अंत्यविधीला निघाले होते. त्या भागात रात्री चोर फिरतात, मुलं पळवतात, किडन्या काढतात अशी हूल होती. पोलिसांच्या डोळ्यांदेखत तिघं मारले गेले. आणि मग त्या बातमीवर दुसरी अफवा चढली, की हे एका धर्माच्या लोकांनी दुसऱ्या धर्मासाठी केलं. शेवटी राज्याच्या गृहमंत्र्यांना पकडलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की यात मुस्लिम कोणी नाही. म्हणजे बघा, माणसं अफवेने मेली, आणि त्यांच्या मरणाचीही अफवा झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यात लवंगा गावात, पंढरपूरला निघालेल्या चार साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला. पट्ट्याने, काठ्यांनी मार. ते वाचले, एवढंच.

तुम्ही म्हणाल, पुरुषांचं काम हे, आम्ही कुठे काठी घेऊन जातो? खरंय. पण मेसेज कोण पाठवतं? मुलाच्या जिवाची गोष्ट असली की सगळ्यात आधी आपला हात चालतो. भावाला, वहिनीला, माहेरच्या ग्रुपवर, गटाच्या ग्रुपवर. आणि बळीही पुष्कळदा बाईच असते. २०१७ मध्ये राजस्थान, हरियाणा, दिल्लीकडे वेण्या कापणारी कुणीतरी फिरते अशी भीती पसरली होती. बायका रात्री डोकं बांधून झोपायच्या. कुणाकुणाच्या वेण्या सकाळी कापलेल्या सापडल्याही. त्या बायका खोटं बोलत होत्या असं मी म्हणणार नाही. घाबरलेल्या मनाचं काय काय होतं ते मला एमएसडब्ल्यूच्या पुस्तकांपेक्षा इथे गावात जास्त कळलंय. पण आग्र्याजवळ एका गावात, साठी ओलांडलेली एक दलित म्हातारी पहाटे बाहेर पडली, दुसऱ्या वस्तीत पोचली आणि हीच ती चेटकीण म्हणून लोकांनी तिला मारून टाकलं. पहाटे अंधारात बाहेर का जावं लागतं, हे इथे कुणाला समजावायला नको.

आता आपल्या तालुक्याचं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर आलेला मेसेज तुम्हा सगळ्यांकडे आहे. "सावधान. आपल्या तालुक्यात मुलं पळवणारी १५-२० जणांची टोळी आली आहे. साधू, बहुरूपी, भांडीवाल्या बायका अशा वेशात फिरतात. पोलिसांनी कळवले आहे. सर्व ग्रुपवर पाठवा." मी आणि सीआरपी ताई पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी सांगितलं, अशी एकही तक्रार नाही आणि आम्ही काहीही कळवलेलं नाही. मग आम्ही दोघींनी एक उद्योग केला. मेसेज उलटा शोधत गेलो. पहिल्या ताईला विचारलं, तुला कुणी पाठवला? तिच्या वहिनीने, तालुक्याच्या गावाहून. वहिनीला? तिच्या भावाने, तो चाकणला कंपनीत आहे. भावाला? त्याच्या मित्रांच्या ग्रुपवर आला. ग्रुपवर टाकला कुणी? एका मुलाने, तो आपल्याच गावचा. त्याला कुणी पाठवला? त्याच्या आईने. आणि त्याच्या आईला पाठवला होता आपल्या त्या पहिल्या ताईने! पाच दारं फिरून आम्ही पुन्हा पहिल्याच ओट्यावर. तिथे चहा घेतला आणि सोडून दिलं. प्रत्येकीने, प्रत्येकाने दुसऱ्याच्या भरवशावर पाठवलेला. मेसेजमध्ये "आपल्या तालुक्यात" असं होतं ना, तो चाकणला वाचला तरी "आपला", लातूरला वाचला तरी "आपला". तालुक्याचं नाव नाही, तारीख नाही, कुणाचं मूल गेलं त्याचं नाव नाही.

त्याच आठवड्यात शेजारच्या गावात केसांवर भांडी देणाऱ्या दोन बायका आल्या. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, काखेत केसांची गोणी. एकीच्या कडेवर वर्षाचं मूल. बाई सावळी, मूल गोरं. शाळेच्या कोपऱ्यावर पहिली कुजबुज तीच झाली: हे हिचं नसणार. मग गोणी उघडली. आत काय निघणार? केस! "बघा, बायकांचे केस आहेत हिच्याकडे!" अहो, धंदाच तो आहे तिचा! आपणच वर्षभर कंगव्यातले केस गुंडाळून दाराच्या फटीत खोचून ठेवतो, तिच्यासाठी. पण त्या वेळी कुणाला सुचलं नाही. दहा मिनिटांत साठ-सत्तर माणसं.

ग्रामसंघाच्या अध्यक्षा तिथे दळण घेऊन चालल्या होत्या. आज त्या समोर बसल्या आहेत, नाव घेऊ नको म्हणाल्या म्हणून घेत नाही. त्यांनी भाषण केलं नाही की कायदा सांगितला नाही. दळणाचा डबा खाली ठेवला, त्या बाईचा हात धरला आणि म्हणाल्या, "चल, पोराला दूध पाजायचंय ना, आत चल." दोघींना अंगणवाडीत नेलं, सेविकेने आतून कडी लावली, आणि या दारात उभ्या राहिल्या. गर्दीला म्हणाल्या, "मी तीन वर्षांपूर्वी हिच्याकडून पातेलं घेतलंय, कुणाला बघायचं असेल तर घरी चला." आत मूल आईच्या अंगाला लागून प्यायलं आणि झोपलं. पोलीस पाटलांना फोन गेला, ११२ ला गेला, गाडी आली. तोवर पाऊण तास.

मी नंतर त्यांना विचारलं, खरंच घेतलं होतं का पातेलं? तर म्हणाल्या, "पातेलं नाही, चाळणी. पण गर्दीला चाळणी सांगून काय वजन पडणार होतं?"

या पाऊण तासात मला आपल्या गटाची बैठक आठवली. एखादी ताई दहा हजार मागते तेव्हा आपण काय करतो? कशाला हवेत? किती दिवसांत फेडणार? आधीचं फिटलं का? जामीन कोण? पंचसूत्री आहे, ठराव आहे, सह्या आहेत. सख्खी जाऊ असली तरी जामिनाशिवाय देत नाही. पाचशे रुपयांच्या हिशेबात दोन रुपये कमी आले तर रात्री नऊपर्यंत वही सोडत नाही आपण. मग एवढी मोठी बातमी, माणसांचे जीव जातील अशी, तिला एकही प्रश्न नाही? कुठल्या गावचं? कधीचं? कुणाचं मूल? कुणी स्वतः पाहिलं? आणि जामीन कोण, म्हणजे कुणाच्या नावावर ही पुढे जातेय? पुढे पाठवलं की जामीन आपण झालो. हे मी अलंकार म्हणून सांगत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ आहे. लोकांत भीती, द्वेष पसरवणारी खोटी माहिती पसरवली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पूर्वी न वाचता कागदावर अंगठा उठवायचो, जमिनी गेल्या. मग साक्षरता वर्गाला गेलो, सही शिकलो. आणि आता मोबाईलवर पुन्हा अंगठाच! (हशा.) हसताय, पण गेल्या निवडणुकीच्या आधी "गटांची कर्जं माफ" हा मेसेज आला तेव्हा किती जणींनी हप्ता थांबवला आणि नंतर थकबाकीत नाव लागलं, ते बँक सखींना विचारा.

एक शंका बरोबर आहे, काल एका मावशींनी विचारली. "पण खरंच मूल गेलं तर? घाबरू नये का?" घाबरा ना. मुलं हरवतात, पळवलीही जातात, हे खोटं नाही. पण मूल दिसेनासं झालं तर व्हॉट्सअ‍ॅपच्या आधी पोलीस ठाणं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवून तपास करायचा. "चोवीस तास थांबा, येईल घरी" असं कुणी म्हणालं तर थांबायचं नाही. १०९८ मुलांसाठी, ११२ पोलिसांसाठी. अनोळखी माणसाबद्दल शंका आली तरी तेच, फोन. त्याला पाणी द्या, सावलीत बसवा, गर्दीच्या हातात देऊ नका. राईनपाड्याच्या निकालाची वाट न बघता सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ ला प्रत्येक जिल्ह्यात यासाठी एक पोलीस अधिकारी नेमायला सांगितलंय. आपल्या जिल्ह्यातला कोण, त्याचं नाव आणि नंबर मी मागितला आहे. मिळाला की पुढच्या अंकात छापू.

ग्रामसंघांनी एक वही घालावी असं आज ठरतंय. गावात जे दरवर्षी येतात, वासुदेव, डवरी, कल्हईवाले, पोतराज, गोधड्या शिवणाऱ्या, केसांवर भांडी देणाऱ्या, त्यांची नावं, मूळ गाव, एक फोन नंबर. पण ती चौकशीची वही होता कामा नये. आधार कार्ड दाखव, फोटो काढ, असलं काही नको. ज्या बाईकडून तुम्ही चाळणी घेता तिचं नाव तुम्हाला माहीत असावं, इतकंच. कोणत्या दोन गावांत आधी सुरू करायचं ते सभेनंतर सांगा.

आता शेवटचं, आणि हे काम आजच करायचं आहे.

त्या दोन बायका त्या दिवशी सुखरूप गेल्या. पण गर्दीतल्या एका पोराने त्यांचा फोटो काढला होता. कडेवर मूल, बाजूला गोणी, आणि खाली ओळ टाकली: "टोळी पकडली". पोराला बोलावलं, त्याने पुसला. त्याच्या मोबाईलमधून पुसला, म्हणजे झालं का? गेल्या आठवड्यात तोच फोटो मला दुसऱ्या जिल्ह्यातल्या माझ्या मैत्रिणीकडून आला. खाली गाव तिकडचं. दोन बाण. ती बाई त्या गावी भांडी घेऊन गेली तर काय होईल, ते मी बोलत नाही.

हिरव्या काठाची साडी, डाव्या हातावर गोंदण, मुलाच्या डोक्याला लाल टोपी. असा फोटो तुमच्याकडे असेल तर पुसा. आणि ज्याने पाठवला त्याला उलटा निरोप द्या, लिहायला येत नसेल तर बोलून पाठवा: ही बाई आमच्या शेजारच्या गावात आली होती, मूल तिचंच आहे, आम्ही दूध पिताना पाहिलंय. त्याच्याकडून पुढे ज्यांच्याकडे गेला त्यांनाही सांगायला सांगा. अध्यक्षाताई म्हणाल्या, त्यात माझं नाव घाला, जामीन मी. सीआरपी ताई दाराशी बसल्या आहेत. चहा घ्यायच्या आधी प्रत्येकीने मोबाईल त्यांना दाखवून जायचं आहे.